जन्म आणि घडण : हेसिओडच्या 'थिओगोनी'संबंधी काही विचार

ग्रीक देवदेवतांविषयीच्या आपल्याकडील लेखनात 'सृष्टीची निर्मिती' हा शब्दप्रयोग इतक्या सहजपणे येतो, की त्यापाशी क्षणभर थबकावे असे सहसा कोणाला वाटत नाही. निर्मिती म्हटली की निर्माता आला. तो आपल्या कृतीहून वेगळा आणि तिच्या आधीचा असणार, हेही ओघाने आले. परंतु ज्या काव्यातून ग्रीकांची विश्वोत्पत्तीची कथा मुख्यत्वेकरून आपल्यापर्यंत पोचली, त्या हेसिओडच्या 'थिओगोनी'त विश्व निर्माण करणारा कोणीही नाही. तेथे विश्व उपजते. देवही त्याच विश्वात, त्याच वंशक्रमाने उपजतात. ज्याला आपण देवाधिदेव म्हणून ओळखतो तो झ्यूस तर तिसऱ्या पिढीतला, आणि तिच्यातही सर्वांत धाकटा. म्हणजे डोक्यावरचे आकाश हे त्याने केलेले छत नव्हे. ते त्याचा आजा आहे. हा भेद केवळ शब्दांचा आहे असे मानणे सोपे आहे. तथापि जन्म आणि घडण या दोन क्रियांमधील अंतरावर या काव्याचा सारा अर्थ तोललेला आहे, आणि भाषांतरात ते अंतर बुजले तर काव्यातील सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट आपल्या दृष्टीआड होते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

हेसिओडचा काळ सामान्यतः इ. स. पूर्व ७०० च्या आसपास मानला जातो. तो बिओशिया प्रांतातील आस्क्रा गावचा. हेलिकॉन पर्वताच्या पायथ्याशी मेंढरे चारीत असता काव्यदेवतांनी आपल्याला गाणे शिकवले, असे तो स्वतःचे नाव घेऊन सांगतो. त्या देवता त्याला एक बजावणीही देतात : सत्यासारखे भासणारे असत्य सांगणे आम्हांला साधते, आणि मनात आले तर सत्यही सांगता येते. देवांची वंशावळ सांगू निघालेल्या कवीने आरंभीच हा इशारा नोंदवून ठेवावा, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. आज उपलब्ध असलेल्या संहितेत या काव्याच्या १,०२२ ओळी आहेत. शेवटचा भाग मूळचा की मागाहून जोडलेला, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. एम. एल. वेस्ट यांनी १९६६ साली सिद्ध केलेली सटीक आवृत्ती आजही अभ्यासकांच्या हाताशी असते.

काव्याच्या प्रास्ताविक स्तवनानंतर कथा सुरू होते ती 'खाओस'पासून. प्रथम खाओस झाले. मग विस्तीर्ण वक्षाची भूमी, म्हणजे गाइआ. भूमीच्या पोटातील काळोखे टार्टारोस. आणि एरोस, म्हणजे काम. येथील ग्रीक क्रियापदाचा अर्थ 'होणे, उपजणे' असा आहे. खाओस 'होते' असे कवी म्हणत नाही, 'झाले' असे म्हणतो. म्हणजे तेही अनादी नाही. मात्र ते कशातून झाले याविषयी तो मौन पाळतो. पुढे खाओसपासून एरेबोस हा अंधार आणि रात्र, रात्रीपासून निरभ्र तेज आणि दिवस, असा वंश वाढतो. भूमी एकटीच, कोणाच्या संगावाचून, आकाशाला, पर्वतांना आणि सागराला जन्म देते. आकाशाला ती आपल्याएवढेच विशाल करते, ते त्याने तिला सर्व बाजूंनी झाकावे म्हणून. नंतर मात्र आकाशाशी तिचा संग होतो, आणि बारा टायटन, तीन एकाक्ष कायक्लोप्स व तीन शतहस्त उपजतात.

'खाओस' या शब्दाचे भाषांतर पुष्कळदा 'गोंधळ' किंवा 'अव्यवस्था' असे केले जाते. हा अर्थ हेसिओडचा नाही. विस्कळीत, एकमेकांत मिसळलेल्या मूलद्रव्यांचा ढीग ही कल्पना आपल्यापर्यंत आली ती प्रामुख्याने रोमन कवी ओव्हिडच्या इ. स. ८ च्या सुमारास पूर्ण झालेल्या 'मेटामॉर्फोसिस'मधून; आणि तेथे तो ढीग निवडून लावणारा एक देवही लगेच उभा राहतो. हेसिओडचा शब्द ज्या धातूशी निगडित आहे त्याचा अर्थ जांभई देणे, आ वासणे. मराठीत आपण 'आ वासून उभे आहे' म्हणतो, तेव्हा जो भाव मनात येतो तो या शब्दाच्या अधिक निकट आहे. एफ. एम. कॉर्नफर्ड यांनी १९५२ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात असे प्रतिपादन केले, की खाओस म्हणजे आकाश आणि पृथ्वी विलग झाल्यावर त्यांच्यामध्ये पडलेली फट. कल्पना आकर्षक आहे. पण काव्यात आकाश अद्याप जन्मलेलेच नसते, आणि पुढे टायटनांचे बंदिस्थान खाओसच्या पलीकडे असल्याचे सांगितले आहे. तेव्हा ही पोकळी भूमीच्या खालच्या अंगाला कोठेतरी आहे असे मानणे अधिक सयुक्तिक ठरते. मराठीत तिला 'विवर' म्हणावे. ग्रीक शब्दाप्रमाणे हा शब्दही नपुंसकलिंगी आहे, हा एक अधिक लाभ.

लिंगाची गोष्ट येथे गौण नव्हे. ज्या काव्यात निसर्गाच्या घटकांनाच आईबाप व्हायचे असते, तेथे व्याकरण हे कथानकच होऊन बसते. भूमी, पृथ्वी, रात्र हे मराठी शब्द स्त्रीलिंगी आणि सागर पुल्लिंगी. येथवर काही अडत नाही. पण ग्रीक 'उरानोस' पुल्लिंगी आहे, आणि मराठीत आकाश, आभाळ, गगन, नभ हे सर्व शब्द नपुंसकलिंगी. 'आकाशाने भूमीला आलिंगन दिले' हे वाक्य मराठीत व्याकरणाने शुद्ध असले तरी त्यातून पिता उभा राहत नाही. हिंदीत आकाश पुल्लिंगी असल्यामुळे तेथील अनुवादकाला ही अडचण भासत नाही, आणि बंगालीत नामांना व्याकरणिक लिंगच नाही. मराठी अनुवादकाचा हात साहजिकच वैदिक 'द्यौ'कडे वळतो. द्यावापृथिवींचे युग्म आपल्या परिचयाचेही आहे. परंतु येथे एक विलक्षण पेच उत्पन्न होतो. 'द्यौष्पिता' या शब्दाचा खरा ग्रीक सगोत्र 'झ्यूस' हा आहे, उरानोस नव्हे. आज्याला नातवाचे नाव द्यावे, तसा हा प्रकार होतो.

एकोणिसाव्या शतकात उरानोस म्हणजेच वरुण असे समीकरण फार प्रिय होते. १८५६ साली मॅक्स म्यूलर यांचा तुलनात्मक पुराणकथाशास्त्रावरील निबंध प्रसिद्ध झाला, आणि नावांच्या साम्यावरून देवांची सोयरीक जुळवण्याचा तो काळ सुरू झाला; लोकमान्य टिळकांच्या १९०३ च्या 'आर्क्टिक होम'मध्येही तुलनात्मक पुराणकथांना एक प्रकरण दिलेले आहे. वरुणाचे हे समीकरण ध्वनिनियमांच्या कसोटीला उतरले नाही. आज बहुतेक भाषाशास्त्रज्ञ उरानोसचा संबंध संस्कृत 'वर्ष' म्हणजे पर्जन्य या शब्दाच्या कुळाशी जोडतात. खुद्द 'देव' या अर्थाचा ग्रीक शब्द 'थिऑस' हाही आपल्या 'देव' शब्दाचा आप्त नाही; लॅटिन 'देउस' मात्र आहे. कानाला जवळचा वाटणारा शब्द अर्थाने जवळचा असेलच असे नाही, ही गोष्ट नावांच्या बाबतीत आपण आता मान्य केली आहे. क्रियापदांच्या बाबतीतही ती मान्य व्हावी.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. विश्वातील जवळजवळ सर्व काही जेथे उपजते, त्या काव्यात घडवलेल्या वस्तू किती? अगदी मोजक्या, आणि त्यांतील कळीच्या वस्तू तीन. आकाश आपल्या मुलांना प्रकाशात येऊ देत नाही, त्यांना भूमीच्या पोटात दडपून ठेवतो, तेव्हा कळांनी व्याकुळ झालेली भूमी कठीण धातू उत्पन्न करून त्याचा विळा घडवते. या विळ्याने धाकटा पुत्र क्रोनोस पित्याचे जननेंद्रिय छाटतो. सांडलेल्या रक्तातून सूडदेवता व राक्षस, आणि सागराच्या फेसातून अफ्रोडिटी जन्मते. म्हणजे पौरुषाचा छेदही येथे प्रसवतोच. दुसरी घडवलेली वस्तू म्हणजे कायक्लोप्सांनी तयार केलेले झ्यूसचे वज्र. आणि तिसरी म्हणजे पहिली स्त्री. प्रोमेथ्यूसने अग्नी चोरला त्याचा सूड म्हणून झ्यूसच्या इच्छेने हेफाइस्टोस तिला मातीतून घडवतो, अथेना तिला वस्त्रे नेसवते, आणि प्राण्यांच्या आकृती कोरलेला सुवर्णमुकुट तिच्या मस्तकी ठेवला जातो. विळा, वज्र आणि स्त्री : तिन्ही साधने सत्तेच्या झगड्यातील आहेत. विळ्याच्या बेतासाठी आणि स्त्रीसाठी कवी कपटवाचक शब्द योजतो, तेही एकाच कुळातले आहेत. जे जन्मते ते जग, आणि जे घडवले जाते ते शस्त्र किंवा सापळा, अशी ही विभागणी आहे.

जन्म ही या विश्वातील मूळ शक्ती असल्यामुळे सत्ता टिकवायची तर जन्म थोपवला पाहिजे, हे प्रत्येक राजाला उमगते. आकाश मुलांना आईच्या उदरात कोंडतो. क्रोनोस, आईवर विश्वास न ठेवता, त्यांना स्वतःच्याच उदरात गिळतो. रिआ धाकट्या झ्यूसला क्रीटमध्ये लपवून त्याच्याऐवजी बाळोत्यात गुंडाळलेला दगड पुढे करते. क्रोनोसने पुढे ओकलेला तो दगड झ्यूसने पायथो येथे, म्हणजे डेल्फीत, स्थापन केला असे काव्य सांगते. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात पॉसेनिअस या प्रवाशाने तेथे एक दगड पाहिला, आणि त्यावर रोज तेल ओतीत असे तो लिहितो. झ्यूस तिसरी पायरी गाठतो. तो मुलाला गिळत नाही, गर्भवती पत्नी मेटिस हिलाच गिळतो. मेटिस म्हणजे युक्ती, चातुर्य. तिला आधी अथेना आणि नंतर देवांवर व माणसांवर राज्य करणारा पुत्र व्हायचा होता. अथेना पित्याच्या मस्तकातून बाहेर येते. तो पुत्र मात्र कधीच जन्मत नाही. झ्यूसचे चिरंतन राज्य एका न झालेल्या जन्मावर उभे आहे. हे काव्य झ्यूसची स्तुती आहे हे खरे. पण ही किंमत कवीने लपवलेली नाही.

येथे शेजारच्या संस्कृतींशी तुलना उद्बोधक ठरते. तुर्कस्तानातील बोगाझकोय येथे सापडलेल्या हित्ती मृत्पट्टिकांतील कुमार्बीची कथा १९४६ साली ग्यूटरबॉक यांनी संपादित केली. तिच्यात आकाशदेव अनू याचे जननेंद्रिय कुमार्बी दातांनी तोडून गिळतो आणि त्याच्या पोटात वादळदेवाचा गर्भ वाढतो. आकाश, त्याला खच्ची करणारा, आणि शेवटी वादळाचा देव, हा क्रम हेसिओडच्या क्रमाशी इतका जुळतो, की संबंध नाकारणे कठीण आहे. बॅबिलोनच्या 'एनुमा एलिश' या काव्यातही पिढ्यांचा संघर्ष आहे. त्याच्या निनेव्ह येथील पट्टिकांचा परिचय जॉर्ज स्मिथ यांनी १८७६ साली जगाला करून दिला. पण तेथे विजयी मार्दुक टिआमाटचा देह चिरतो, त्याच्या अर्ध्या भागाचे आकाश करतो, आणि पराभूत किंगूच्या रक्तापासून माणूस घडवला जातो. विजेता तेथे निर्माता होतो. वेस्ट यांनी १९९७ च्या ग्रंथात या पौर्वात्य ऋणांची तपशीलवार नोंद केली आहे. परंतु हेसिओडने काय घेतले याइतकेच त्याने काय घेतले नाही हेही महत्त्वाचे आहे. झ्यूस भूमिपुत्र टायफोनला जिंकतो, पण त्याच्या देहातून काही घडवत नाही. टायफोनपासून उत्पन्न होतात ते केवळ घातक वारे. विजयानंतर झ्यूस करतो ते वाटप : कोणाला कोणता मान, कोणता अधिकार. थेमिसपासून त्याला सुव्यवस्था, न्याय आणि शांती या कन्या होतात. नियतीच्या तिघी बहिणी पूर्वी रात्रीच्या कन्या म्हणून आलेल्या होत्या. त्या आता पुन्हा झ्यूसच्या कन्या म्हणून येतात. टीकाकारांनी याला विसंगती म्हटले आहे. मला ते दत्तकविधानासारखे वाटते. जे आपण घडवले नाही ते राजा आपल्या नावावर चढवून घेतो.

आपल्या परंपरेशी तुलना करू लागलो की दोन भेद ठळक होतात. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील ७२ वे सूक्त देवांच्या जन्मांचेच आहे; 'थिओगोनी'ला 'देवजन्म' हे नाव द्यावे असे सुचते ते त्यावरूनच. पण त्या सूक्तात अदितीपासून दक्ष आणि दक्षापासून अदिती असा चक्राकार जन्म सांगताना कवी ब्रह्मणस्पतीला लोहाराची उपमाही देतो. त्याच मंडलातील ८१ व्या सूक्तात विश्वकर्म्याने कोणत्या लाकडातून द्यावापृथिवी तासल्या असा प्रश्न येतो. जन्म आणि कारागिरी वैदिक कवीच्या मनात शेजारी नांदतात, त्यांच्यात त्याला विरोध जाणवत नाही. हेसिओडला तो जाणवतो. दुसरा भेद कलहाच्या स्वरूपाचा. टायटनांना मराठीत 'दैत्य' म्हणण्याचा मोह होतो. पण देव आणि दैत्य हे कश्यपाचेच, वेगळ्या आयांचे पुत्र. त्यांचे वैर ही भाऊबंदकी आहे, आणि भाऊबंदकी हा आपल्या महाकाव्याचाही प्राण आहे. हेसिओडचा कलह बाप आणि मुलगा यांच्यातला. ऋग्वेदाच्या चौथ्या मंडलात इंद्राने पित्याला पाय धरून मारल्याचा ओझरता उल्लेख आहे, तथापि त्याची पुढे परंपरा झाली नाही. म्हणून टायटनांना 'दैत्य' न म्हणता 'पूर्वदेव' म्हणावे, हे उचित. या शब्दाला संस्कृतात असुरवाचक अर्थ आहे हे खरे. पण 'आधीचे देव' हा त्याचा मूळ अर्थ येथे नेमका बसतो.

आता स्त्रीकडे परत येऊ. पुरुष कसे झाले हे 'थिओगोनी' सांगत नाही. मेकोनी येथे देव आणि माणसे यांची वाटणी होते तेव्हा ते आधीच हजर असतात. 'वर्क्स अँड डेज' या आपल्या दुसऱ्या काव्यात हेसिओड मानवाच्या पाच पिढ्या सांगतो, आणि तेथे देवांनी त्या 'केल्या' असे क्रियापद वापरतो. मात्र त्याच कथेच्या तोंडी देव आणि मर्त्य एकाच उगमाचे असल्याचेही म्हणतो. 'थिओगोनी'त प्रश्न अधिक तीव्र आहे. तेथे पहिल्या स्त्रीला नावही नाही. पँडोरा हे नाव दुसऱ्या काव्यातले. तिच्यापासून स्त्रियांचा सारा वंश झाला, आणि ती पुरुषांना मिळालेली आपत्ती आहे, असे कवी म्हणतो. म्हणजे ज्या काव्यात विळा आणि वज्र सोडता सर्व काही जन्मते, आणि जन्म देणाऱ्या भूमीपासून सारे विश्व वाढते, त्याच काव्यात मनुष्यजातीत जन्म देणारी जी आहे, ती तेवढी घडवलेली आहे. तिला आई नाही. वंशावळीच्या त्या विशाल वृक्षात तिला फांदी नाही. जन्माची शक्ती राजाने गिळून आपल्या मस्तकी नेली, आणि जन्म देणारीला कारागिराच्या मातीचे मूळ दिले. या दोन्ही कृती एकाच राजनीतीच्या दोन बाजू आहेत.

यावर असा आक्षेप घेता येईल, की मौखिक परंपरेतील कवी वृत्ताच्या सोयीने क्रियापदे वापरतो. त्यांवर एवढा भार टाकणे योग्य नव्हे. आक्षेप दुर्लक्षणीय नाही. परंतु येथे प्रश्न एखाद्या सुट्या शब्दाचा नसून दृश्यांचा आहे. माती कालवणारा हात, नेसवलेले वस्त्र, घडवलेला मुकुट, हे सारे त्या प्रसंगात विस्ताराने वर्णिलेले आहे, आणि काव्यात अन्यत्र कोणाच्याही जन्मप्रसंगी तसे काही नाही. शिवाय आणखी एक तपशील आहे. झ्यूसने अथेनाला एकट्याने जन्म दिल्यावर हेरा रागाने, पतीच्या संगावाचून, हेफाइस्टोसला जन्म देते. होमर त्याला झ्यूसचा पुत्र मानतो; हेसिओड मानत नाही. स्त्रीला मातीतून घडवणारा तो कारागीर स्वतः केवळ आईचा मुलगा आहे.

विश्वाला कारागीर लाभला तो पुढे, इ. स. पूर्व चौथ्या शतकात, प्लेटोच्या 'टिमिअस'मध्ये. त्याच्या विश्वकर्त्याला प्लेटोने दिलेल्या 'डेमिउर्गोस' या नावाचा अर्थच कारागीर असा आहे. ओव्हिड आणि ख्रिस्ती परंपरा यांनी ती कल्पना दृढ केली, आणि बहुतांशी इंग्रजीच्या द्वारे ग्रीकांकडे गेलेल्या आपण तिची छाया हेसिओडवर पाडली. मराठीला या बाबतीत परावलंबी राहण्याचे कारण नाही. 'उपजणे' हे ज्ञानेश्वरीपासून रुळलेले क्रियापद आपल्याकडे आहे. 'प्रसवणे' आहे, 'होणे' आहे. आणि त्यांच्यापासून स्पष्टपणे वेगळे असे 'घडवणे' आहे. भूमी, रात्र, सागर आणि देव यांच्यासाठी पहिली क्रियापदे राखून ठेवावीत. विळा, वज्र आणि स्त्री यांच्यासाठी शेवटचे. 'निर्माण केले' या एका सोयीस्कर शब्दाखाली दोन्ही झाकली, तर भाषांतर सुबोध होईल. पण स्त्रीवर या काव्याने केलेला अन्याय त्याखाली झाकला जाईल आणि वाचकाला तो सृष्टीचाच क्रम वाटू लागेल. मूळ काव्यात तो सृष्टीचा क्रम नाही. तो एका राजाचा निर्णय आहे, आणि तो तसा दिसू देणे हे अनुवादकाचे काम आहे.